सुखाचा शेजार

मराठीतली कितीतरी कविता दळताना रचली गेली. पहाटेच्या अंधारात एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे आणि पीठ पडू लागलं की ओवी सुरू करायची, असं शेकडो वर्षं चाललं. जनाबाईंबरोबर खुद्द विठ्ठल दळायला बसला, ही कथा लोकांनी इतकी जपली, कारण दळणाला जोडीदार हवा असतो हे प्रत्येक घराला माहीत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी फिरून या ओव्या गोळा करायला घेतल्या आणि तो संग्रह लाखाच्या पुढे गेला. एवढ्या ओव्या रचणाऱ्या बहुतेक बायकांनी कधी हातात लेखणी धरली नव्हती.

जातं परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. घरातल्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ रोज दळणं हे कंबर मोडणारं काम होतं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची त्यातून सुटका झाली, हे फार चांगलं झालं. पण गिरणी आली आणि ओवी मागे पडली, हेही खरं. शब्द कोणी हिरावून घेतले नव्हते, गळेही तेच होते. गेली ती जागा. समोरासमोर बसलेल्या दोघी, एकीने उचललेली ओवी, दुसरीने तिच्यात घातलेली भर आणि शेजारच्या ओसरीवरून ऐकणारी तिसरी, हे सगळं एका दगडाभोवती जमत होतं. दगड कोपऱ्यात गेला आणि ते जमणंही थांबलं.

पुढच्या पानांचा विषय रोजची लहान सुखं हा आहे, आणि त्याबद्दल मला जे सांगायचंय ते या जात्यापाशीच सुरू होतं. सुख लहान असतं म्हणजे ते थोड्या पैशांचं, थोड्या वेळाचं आणि पुन्हा पुन्हा मिळू शकणारं असतं. त्याच्या मागचा पसारा मात्र लहान नसतो. कोणीतरी वाचनालय उघडून बसलेलं असतं, कोणीतरी कविता तोंडपाठ करवून घेतलेली असते, कोणीतरी भट्टी तापती ठेवलेली असते. तो पसारा मोडला की सुखही हळूहळू नाहीसं होतं, आणि ते लहान असल्यामुळे कोणी त्याची दखल घेत नाही. एखादं नाट्यगृह पडलं तर वर्तमानपत्रात छापून येतं. गल्लीतल्या बेकरीने लोकांच्या घरच्या नानकटाया भाजून देणं बंद केलं, तर ते कुठेच छापून येत नाही.

हल्ली लहान सुखांबद्दल बरंच बोललं जातं. त्यातलं चित्र बहुधा एकट्या माणसाचं असतं: बाहेर पाऊस, हातात कप, मांडीवर पुस्तक, दार लावलेलं. एकांताचं मोल मी जाणते. दिवसभर घर आणि नोकरी ओढणाऱ्या बाईला स्वतःचा पाऊण तास मिळणं ही मोठीच गोष्ट आहे आणि ती तिला रोज मिळावी. पण मांडीवरचं पुस्तक कुठून आलं, कपाशेजारची खारी कोणी भाजली, हे त्या चित्रात दिसत नाही. या पुस्तकात तेच दाखवायचा प्रयत्न आहे. म्हणून सुखांची लांबलचक यादी न करता तीनच निवडली: पुस्तक, कविता आणि घरचं भाजणं. ही तिन्ही घरात भोगली जातात, पण तिघांचीही मुळं घराबाहेर शेजारात गेलेली आहेत.

पुस्तकांपासून सुरुवात करते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं, त्यामागे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे होते. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार दिला, पण त्याच्या आधीचं जवळजवळ सगळं काम लोकांनी आपल्या हौसेने आणि वर्गणीने उभं केलेलं आहे. कोणी घरातली पुस्तकं आणून दिली, कोणी कपाट दिलं, कोणी संध्याकाळी दोन तास बसून नोंदी केल्या. ज्यांनी हे केलं त्यांतल्या बहुतेकांची नावं जुन्या अहवालांत पडून आहेत.

वाचनालयाच्या पुस्तकाची एक वेगळी गोडी आहे आणि ती विकतच्या पुस्तकाला नाही. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईने घातलेला क्रमांक, शेवटच्या पानाला चिकटवलेला तारखांच्या शिक्क्यांचा कागद. त्या कागदावरून कळतं की हे पुस्तक एका पावसाळ्यात ओळीने पाच जणांनी नेलं आणि मग कित्येक वर्षं कोणीच नेलं नाही. काही आजी-आजोबा ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आपली खूण करून ठेवतात, म्हणजे वाचून झालेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येत नाही. पुस्तकावर लिहू नये हे खरं, पण त्या खुणेवर मला कधी राग धरता आलेला नाही. आपल्या आधी हे कोणीतरी शेवटपर्यंत वाचलंय, एवढं त्या खुणेतून समजतं, आणि जड पुस्तकाच्या मधल्या शंभर पानांत तेवढा धीर पुरतो.

दिवाळी अंक हे याच व्यवस्थेचं अपत्य आहे. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचायचं काहीतरी असावं ही सवय मराठी घरांना लागली. आज दिवाळी अंक विकत घेणाऱ्यांपेक्षा वाचनालयातून नेणारे कितीतरी जास्त असतील. त्यांची वेगळी वर्गणी असते, अंक बदलायला गर्दी होते, आणि चकल्या संपून गेल्या तरी अंक संपत नाहीत. होळीपर्यंत ते हातोहात फिरतात आणि परत येतात तेव्हा त्यांच्या पानांना तेलाचा एखादा डाग असतो.

हे सुख सगळ्यांना सहज मिळालेलं नाही, हेही इथे नोंदवायला हवं. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली आलेल्या पुस्तकात आपल्या शिकण्याची हकिगत लिहिली आहे. नवरा शिकवायला उत्सुक, आणि घरातल्या बायका मात्र वाचण्यावरून टोचून बोलणाऱ्या. त्या बायकांना दुष्ट ठरवणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्यांना पुस्तक उघडायची कधी मुभाच मिळाली नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर एक मुलगी पुस्तक घेऊन बसत होती. आज एखादी बाई दुपारी कादंबरी घेऊन आडवी होते तेव्हा तिला कोणी काही बोलत नाही, हे रमाबाईंसारख्या अनेकींनी सोसलं त्यामुळे. दुपारचं वाचन ही कमावलेली गोष्ट आहे.

पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं भिलार हे गाव २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावातल्या घरांमधून पुस्तकांची कपाटं ठेवली आहेत, कुठे कादंबऱ्या, कुठे चरित्रं, कुठे बालसाहित्य. वाचक चपला काढून कोणाच्या तरी घरात शिरतो आणि वाचत बसतो. सरकारी योजनेतून उभ्या राहिलेल्या गोष्टींबद्दल मी सहसा फार उत्साहाने लिहीत नाही, पण परक्या माणसाला वाचण्यासाठी आपल्या ओसरीवर बसू देणं ही कल्पना मला मनापासून आवडते.

आता कविता. कवितेचं पुस्तक घेणारे थोडे आणि कविता आठवणारे पुष्कळ, अशी मराठीची स्थिती आहे आणि त्यात वाईट काही नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, घरात, चुलीपाशी रचायच्या आणि मुलगा सोपानदेव व घरातली आणखी माणसं ते कागदावर उतरवून ठेवायची. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आली. मराठीत प्रस्तावना लिहायला बसणाऱ्या कोणालाही ती प्रस्तावना आठवल्यावाचून राहत नाही, कारण तिने वाचकांना एक कवयित्री मिळवून दिली. पण अत्र्यांच्याही आधी तो कागद आहे. आई काम करता करता काही म्हणते आहे आणि ते लिहून ठेवण्यासारखं आहे, असं घरातल्या कोणाला तरी वाटलं. ते वाटलं नसतं तर अत्र्यांना दाखवायला वहीच नसती. किती घरांत ते कोणालाच वाटलं नाही, हा विचार मला सारखा छळतो.

ऐकणाऱ्या माणसाशिवाय कविता पूर्ण होत नाही, हे मराठी माणसाने फार आनंदाने सिद्ध केलं आहे. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे एकत्र गावोगावी फिरले, आणि कविता ऐकायला सभागृहं भरली. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मर्ढेकर आणि बोरकर यांच्या कविता लोकांना वाचून दाखवल्या. मर्ढेकर दुर्बोध आहेत असं म्हणणाऱ्यांना सुनीताबाईंच्या आवाजात ते कळले, असं ऐकलेली माणसं सांगतात. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही, एवढं नीट कळलं की निम्मी कविता समजलेली असते.

म्हणून कवितेच्या भागात माझा एकच आग्रह आहे. कविता मोठ्याने वाचावी, आणि शक्यतो कोणालातरी वाचून दाखवावी. भाजी निवडणाऱ्या माणसाला वाचून दाखवावी, कारण त्याचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे असतात. मुलांना अर्थ सांगत बसू नये. बालकवींची निसर्गाची कविता सहा वर्षांच्या मुलाला अर्थावाचून आवडते, त्याला लय पुरते, आणि अर्थ त्याच्याकडे पुढे वीस वर्षांनी एखाद्या ओढ्याकाठी आपोआप येतो. पाठ झालेली कविता हरवत नाही. दृष्टी गेलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांपाशी शेवटी शाळेतल्या कविताच उरलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या ज्या मास्तरांनी आणि बाईंनी पाठ करून घेतल्या त्यांचे उपकार कशाने फेडायचे?

स्वयंपाकघर आणि साहित्य यांच्यात भिंत आहे असं मानणाऱ्यांनी दुर्गा भागवतांकडे पाहावं. १९५६ साली बारा महिन्यांच्या निसर्गावर 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या, लोकसाहित्यात आयुष्य घालवलेल्या या विदुषीने 'खमंग' हे खाद्यपदार्थांवरचं पुस्तकही लिहिलं. दोन्ही पुस्तकांत नजर तीच आहे: पान कधी पालवतं आणि फोडणी कधी तडतडते, दोन्हीकडे सारखंच लक्ष.

तिसरं सुख घरी भाजण्याचं. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिलंय, कारण याच्यावर मराठीत सगळ्यात कमी लिहिलेलं आहे. केक-बिस्किटं हा परका, शहरी, अलीकडचा शौक आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. कोकणात पावसाळ्यानंतर वेलीवरची तवशी मोठी होतात तेव्हा धोंडस होतं. तवसं किसायचं, त्याच्याच पाण्यात भाजलेला रवा, गूळ आणि खोबरं शिजवायचं, जाड बुडाच्या भांड्यात ते थापायचं, आणि भांड्याखाली निखारे व झाकणावरही निखारे ठेवायचे. वरून खालून आच लागली की दोन्ही अंगांनी तांबूस, मधे ओलसर अशी वडी निघते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातलं श्रावणातलं निनाव आणि कोबीची भानोळी याच रीतीने व्हायची. गोव्यातली बेबिंका थरावर थर चढवत, वरच्या आचेवर भाजली जाते. भट्टी नसलेल्या घरांनी झाकणाचीच भट्टी केली होती. ओव्हन आला तेव्हा या घरांतल्या बायकांना त्याचं तत्त्व नव्याने शिकावं लागलं नाही.

आणि ज्यांच्याकडे निखाऱ्यांचीही सोय नव्हती त्यांच्यासाठी गल्लीतली बेकरी होती. दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, साखर, तूप घरून न्यायचं आणि बेकरीवाल्याकडून नानकटाई किंवा बिस्किटं भाजून आणायची, ही पद्धत महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. तूप घरचं असायचं, म्हणून घरातलं कोणीतरी शेवटपर्यंत तिथे बसायचं. बाकडं, समोर इतरांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर नाव लिहिलेला कागद, आणि तापलेल्या भट्टीतून लांब दांड्याच्या फळीवर बाहेर येणारे पत्रे. मुलांना फुटलेल्या नानकटाया तिथेच मिळायच्या. एका भट्टीवर साऱ्या गल्लीची दिवाळी होत असे. धर्म, जात, भाडेकरू, मालक, सगळ्यांचे डबे एकाच रांगेत असायचे, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये असं सहसा कुठे घडत नव्हतं.

गोव्यात अजूनही सकाळ-संध्याकाळ पोदेर सायकलवर भोंपू वाजवत येतो. पोय, उंडो, कातरो पाव, कांकण असे प्रकार त्याच्या टोपलीत असतात. पूर्वी पिठाला आंबवण्यासाठी माडाची सूर वापरत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. गावातल्या पोदेराची भट्टी बंद झाली की लोक तिच्याबद्दल आप्तासारखं बोलतात, आणि मला ते अगदी योग्य वाटतं.

घरात ओव्हन येण्याआधी कुकर होता. शिटी आणि रिंग काढायची, तळाला वाळू किंवा जाड मीठ पसरायचं, ते तापवायचं, त्यावर जाळी किंवा ताटली आणि तिच्यावर केकचं भांडं. मग झाकणाला काचेची खिडकी असलेले गोल विजेचे ओव्हन आले आणि साऱ्या वाड्याची मुलं त्या खिडकीशी डोळे लावून बसू लागली. त्या खिडकीतून जे दिसतं ते खरोखर पाहण्यासारखं आहे. दह्यातलं आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की वायूचे बुडबुडे सुटतात, उष्णतेने ते फुगतात आणि मिश्रण वर चढतं. थोड्या वेळाने पिठातला स्टार्च आणि अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि चढलेला केक तिथेच थांबतो. हे घट्ट होण्याआधी दार उघडलं तर आतली उष्णता जाते आणि मधला भाग बसतो. म्हणून पहिली पंचवीस मिनिटं हात आवरायचा. नानकटाईचं शास्त्र याहून वेगळं आहे. तिला हलकेपणा येतो तो तूप फेसण्याने. परातीत थिजलेलं तूप घेऊन तळहाताने पिठीसाखरेबरोबर फेसत राहायचं, ते पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. त्यात जी हवा कोंडली जाते तीच पुढे जिभेवर विरघळते. तूप पातळ करून घेतलं तर ही हवा धरली जात नाही आणि नानकटाया पत्र्यावर पसरतात.

केक भाजायला मध्यम आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. या वेळात घरात वास सुटतो आणि कोणी कुठे जात नाही. दुसरं मोठं काम हाती घेता येत नाही, कारण लक्ष ठेवायचं असतं. माझ्या मते आजच्या घरात कविता वाचायला याच्याइतका चांगला वेळ नाही. पीठ आणि कविता यांची जात्यावर झालेली ओळख इथे पुन्हा निघू शकते, आणि या वेळी कोणाची कंबर मोडत नाही. पुस्तकाची मांडणी त्याच हिशोबाने केली आहे. प्रत्येक कृतीच्या आधी काही कवितांची आणि एखाद्या गद्य पुस्तकाची ओळख आहे, भाजून होईपर्यंत वाचून संपेल एवढीच.

मापं वाटीची आहेत. वाटी कोणतीही चालेल, पण एका पदार्थाला एकच. नानकटाईसाठी एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन आणि वेलदोड्याची पूड, एवढ्यावर सुरुवात होते. कृती लिहिताना मी मुद्दाम थोडी जास्तीची मापं दिली आहेत, कारण एका घरापुरतंच भाजलं तर त्यातला अर्धा आनंद जातो. शेजारी डबा द्यायला निमित्त शोधू नये. नवीन शेजारी आले असतील तर अंडं चालतं का, एवढं आधी विचारावं. बिनअंड्याच्या कृती म्हणूनच वेगळ्या न काढता इतरांबरोबरच ठेवल्या आहेत.

कविता मात्र या पुस्तकात छापलेल्या नाहीत. त्यांची आणि त्या ज्या संग्रहांत आहेत त्यांची नावं दिली आहेत. ते संग्रह वाचनालयांतून मिळतात. जवळचं वाचनालय माहीत नसेल तर जुन्या बाजारपेठेत चौकशी करावी, ते बहुधा पहिल्या मजल्यावर असतं आणि संध्याकाळी उघडतं. अनामत आणि वर्गणी भरून सभासद व्हावं. एका वेळी दोन पुस्तकं नेता येत असतील तर त्यातलं एक कवितेचं न्यावं, आणि तारखेला परत करावं, कारण दुसऱ्या कोणीतरी याच पुस्तकात वाचून त्याची मागणी नोंदवलेली असण्याचा संभव आहे.